एक ‘व’ कमी

९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

शनिवारी अर्धा दिवस असायचा. अशाच एका शनिवारी आपण ऑफिसच्या मागच्या पायऱ्यांवर उन्हात पाय सोडून बसलो होतो आणि कार्बन पेपरने निळी झालेली माझी बोटं तुम्ही लिंबाच्या सालीने घासत होतात. “मिस, तुझे हात बघून कोणालाही वाटेल, आमच्या घरात सुनेला शाई प्यायला देतात,” असं म्हणालात. तुमची स्वतःची बोटं लख्ख होती. स्टेनोची बोटं, त्यांना फक्त पेन्सिल माहीत. त्या दुपारी दुसरं काहीच घडलं नाही. आपण उठलो, साल कुंडीत टाकली, घरी आलो. तरी एकतीस वर्षांच्या नोकरीतून मला आधी आठवते ती तीच दुपार.

सर गेल्याचं तुम्हाला कळलं असेलच. टीव्हीवर चार दिवस दुसरं काही नाही. मी दर मंगळवारी त्यांची पत्रं लिहायला जायची, तशी याही मंगळवारी गेले, तर फाटकाशी पोलीस उभे. त्यांच्या मुलीने मला आत घेतलं. सरांच्या टेबलावर उत्तरं द्यायची सात पत्रं तशीच होती. मी खुर्चीत बसले आणि टोपण काढून तशीच बसून राहिले. मग मुलगी म्हणाली, “काकू, आज राहू दे.” नव्वदीला दोन वर्षं कमी होती, झोपेत गेले. तक्रारीला जागा नाही. पण वन्सं, देशाचा पंतप्रधान होऊन गेलेला माणूस, आणि चपला दाराशी एका रेषेत काढून ठेवलेल्या. ते बघून मला रडू आलं.

बातम्यांत त्यांची धरणं दाखवतात, करार दाखवतात, आणि शेवटी सरांनी काढलेल्या आपल्या व्यवस्थापन संस्थेचं दार आणि दारावरचं ते वाक्य. “इथे पहिला मान शिकणाऱ्याचा, मग चालवणाऱ्याचा.” एका बाईंनी ते असं वाचलं की जणू सरांनी जन्मभर दुसरं काही केलंच नाही. आता तर बाहेरच्या देशांतल्या बिझनेस स्कूलसुद्धा हे वाक्य आपल्या माहितीपुस्तकात छापतात म्हणे. प्रवेशपरीक्षेला एका जागेमागे साडेतीनशे मुलं बसतात. आपण होतो तेव्हा पहिल्या तुकडीची जाहिरात तीनदा द्यावी लागली होती, आठवतं?

काल संचालक घरी आले होते. पन्नाशीचे आहेत, सरांच्याच वेळचे विद्यार्थी. सत्तावीस तारखेला संस्थेत शोकसभा आहे. म्हणाले, “ते वाक्य ज्यात आहे ते उद्घाटनाचं भाषण टाईप झालं तेव्हा हजर असलेलं आता तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही. दहा मिनिटं बोला.” मी म्हटलं, माझी नणंद आहे. ते म्हणाले, “हो का? मग त्यांनाही आणा.” म्हणून हे पत्र.

त्या वाक्यावरून पूर्वी जे झालं ते मनात धरू नका. प्रती काढायच्या स्टेन्सिलमध्ये एक अक्षर कमी पडलं, ठपका तुमच्यावर आला, बदली झाली. वाईटच झालं. पण अडतीस वर्षं झाली. रजिस्ट्रार गेले, हे गेले, आता सरही गेले. आपण दोघी तरी बोलत्या असाव्यात असं वाटतं. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहिते.

या. तुमची खोली मी कालच झाडून घेतली आहे.

तुमची,
मिस


१५ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं कार्ड आलं. अकरा वर्षांनी तुमचं अक्षर बघितलं. एका ओळीचं कार्ड, ना वर मायना, ना खाली सही: “मी काय वाचलं होतं?”

हे गेले त्या आठवड्यातही तुम्ही मला हेच विचारलं होतं. मी भांडी पुसत होते. “आता काय करायचंय ते उकरून,” असं म्हणाले. तुम्ही आत गेलात, बॅग भरलीत आणि संध्याकाळच्या गाडीने मैत्रिणीकडे निघून गेलात. मी सगळ्यांना सांगितलं, भाऊ गेल्याचा धक्का बसलाय. लोकांनी मानही डोलावली.

शाळेत सिस्टर सांगायच्या, चूक कबूल करताना कारण आधी सांगू नये. म्हणून आधी उत्तर देते.

तुम्ही बरोबर वाचलं होतं. “इथे पहिला मान शिकवणाऱ्याचा, मग चालवणाऱ्याचा.” सरांनी तुम्हाला तसंच सांगितलं, तुम्ही तसंच उतरवून घेतलं आणि मला तसंच वाचून दाखवलं. मी नीट ऐकलं. आणि टाईप करताना ‘व’ खाल्ला. 

आता कारण. ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. ज्यावरून तुम्ही मला ‘मिस’ म्हणायला लागलात, त्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये आपली भाषा म्हणजे आठवड्यातून दोन तास, तेही जेवणाच्या सुट्टीनंतर. शिकणं आणि शिकवणं माझ्या डोक्यात एकाच पेटीत पडलेलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी म्हणाले होते, “आमच्या सिस्टर फार छान शिकायच्या,” आणि हे हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते. तुम्ही म्हणालात, “अरे, हिच्या शाळेत नन्स शिकतात आणि मुली शिकवतात. फी कोण कोणाला देतं गं मिस?” पुढे पाहुणे आले की तो विनोद ठरलेला. मीही हसायची. पण तेव्हाच तुम्ही मनावर घेतलंत, माझ्या हातांवर टॉवेल टाकून मला न बघता टाईप करायला शिकवलंत, रोज अर्धा तास वर्तमानपत्र वाचून दाखवून लिहायला लावलंत. यांची गिरणी बंद पडली तेव्हा माझ्या नोकरीसाठी सरांच्या दारात तुम्ही उभ्या राहिलात. “लिहायला कच्ची आहे, पण हात पक्का आहे,” असं सांगितलंत. माझ्या आयुष्यात मी जे काही कमावलं ते त्या एका वाक्यावर. दारावरच्या नव्हे.

त्या दिवशी दुपारी तीनला पाहुण्यांच्या हातात भाषण द्यायचं होतं. तुम्ही वाचत होतात, मी टाईप करत होते, आपली नेहमीची रीत. स्टेन्सिल निघाल्यावर तुम्ही विचारलंत, “तपासलंस?” मी हो म्हटलं. वरवर बघितलं होतं. डोळ्याला जे खटकतच नाही ते कसं दिसणार? तुम्ही विश्वासाने खाली तुमची आद्याक्षरं घातलीत. मी प्रोबेशनवर, मला तो अधिकार नव्हता. चारशे प्रती निघाल्या.

पुढचं सगळं तुमच्या डोळ्यांदेखत झालं. त्या वाक्याशी सर अडखळले, चष्मा काढून पुसला, मग कागदावर होतं तसं वाचलं. विद्यापीठातून फोडून आणलेले ते सहा प्राध्यापक पुढच्या रांगेत. चहाच्या वेळी त्यांतले एक म्हणाले, “शिकणारा आला, चालवणारा आला. आम्ही काय खडू आणून द्यायचे?” दुसऱ्या दिवशी दोघांनी राजीनामे लिहिले. रजिस्ट्रारनी आपल्याला समोरासमोर उभं केलं. मला विचारलं, “तू काय ऐकलंस?”

मी म्हटलं, “मी ऐकलं तेच टाईप केलं.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, “असेल. माझीच जीभ घसरली असेल.”

मला वाचवायला तुम्ही तसं म्हणालात, की तुम्हाला खरंच तसं वाटलं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला भ्यायले. पण त्यानंतर तुम्ही पेन्सिल हातात धरली नाहीत. मिनिटाला एकशे चाळीस शब्द घेणारी बाई एकवीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर पाकिटांवर शिक्के मारत बसली. सर मंत्री होऊन राजधानीला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर तुम्ही जायचं होतं. गेलं कोणीतरी भलतंच.

मिस


१६ फेब्रुवारी, सकाळी

पाकीट बंद केलं होतं, पोस्टात टाकायला निघालेही होते. परत येऊन उघडलं. कारण अर्धंच सांगितलं होतं.

तुमची शॉर्टहँडची वही माझ्याकडे आहे.

रजिस्ट्रार म्हणाले होते, वही आणा, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. ती सापडली नाही. तुम्ही तीन दिवस शोधलीत. कपाटं सरकवलीत, रद्दीची पोती उलटी केलीत. मी तुमच्याबरोबर शोधत होते वन्सं. पोत्याचं दुसरं टोक मी धरलं होतं. आणि वही पहिल्याच दिवशी माझ्या डब्याच्या पिशवीतून घरी गेली होती. शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली. आपण दोघी त्या मशीनवर पडदे शिवायचो.

त्या रेघा मला वाचता येत नव्हत्या. तुम्ही मला शॉर्टहँड शिकवणार होतात, ते राहूनच गेलं. पण वाचता आलं नाही तरी त्यात काय आहे ते मला ठाऊक होतं.

यांना मी सांगितलं नाही. त्यांचं तुमच्यावर किती प्रेम होतं ते तुम्हाला माहीत आहे. पुढे कधीतरी त्यांनी विचारलं, “ताईचं खरंच चुकलं असेल का गं?” मी म्हटलं, माणूस आहे, चुकतं कधीतरी. ते म्हणाले, “नाही, ती चुकत नाही.” आणि उठून बाहेर गेले.

एक अडचण आहे, ती तुमच्यापुढे ठेवते. तेव्हा ही चूक म्हणजे काळा डाग होता, म्हणून मी ती तुमच्या अंगावर जाऊ दिली. आज तीच चूक दगडात कोरलेली आहे. आज सभेत उभं राहून ‘ते अक्षर माझ्या हातून गेलं’ असं म्हटलं तर तो कबुलीजबाब होणार नाही, फुशारकी होईल. लोक माझ्याबरोबर फोटो काढतील. दोष होता तेव्हा तुम्हाला दिला, मान झाला तर मी घ्यायचा? आणि गप्प बसावं, तर तुमच्या वाचनावरचा डाग तसाच राहतो.

काय करू ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं. नाही बोलू म्हणालात तर नाही बोलणार, संचालकांना ताप आला म्हणून कळवीन.

मिस


२३ फेब्रुवारी

वन्सं,

कार्ड मिळालं. या वेळी दोन ओळी आहेत, म्हणजे प्रगती आहे. “सभेत बोल. पण चूक म्हण, किस्सा म्हणू नकोस.”

मी ते कार्ड स्वयंपाकघरात डब्याला टेकवून ठेवलं आहे. येता-जाता वाचते. तुम्ही येणार नाही हे त्यात न लिहिताच लिहिलेलं आहे, तेही वाचलं. हट्ट करणार नाही.

आज सरांची मुलगी आली होती. कागदपत्रं लावताना तिला उद्घाटनाच्या भाषणाची सरांच्या हातातली प्रत सापडली. मला दाखवायला घेऊन आली. पिवळी पडली आहे, पण पेन्सिल स्पष्ट आहे. ‘शिकणाऱ्याचा’ या शब्दावर काकपद करून सरांनी वर ‘व’ लिहिला आहे. आणि मग तोच ‘व’ आडव्या रेघेने खोडला आहे.

म्हणजे सरांना व्यासपीठावर चढण्याआधीच कळलं होतं. दुरुस्त केलं आणि दुरुस्ती मागे घेतली. अडखळले ते शेवटचा विचार करायला.

मला आधी फार हायसं वाटलं. म्हणजे वाक्य सरांचंच. माझी फक्त चूक, निवड त्यांची. आणि त्यांनी ते निभावलंही, हे आपण बघितलं आहे. वर्गात मागच्या बाकावर बसून वह्या काढून ऐकायचे. राजीनामा देणाऱ्या दोघांना म्हणाले, “छापून गेलंय. आता तसं वागण्यावाचून गत्यंतर नाही. तुम्हीही शिका, म्हणजे पहिला मान तुमचाच.” एक जण हसला आणि राहिला.

नंतर रात्रभर दुसरं डाचत राहिलं. कळलं होतं, तर तुमची बदली का होऊ दिली? “कोणाला काढू नका,” एवढं रजिस्ट्रारना सांगून ते कामाला लागले. मला वाटतं, काढलं नाही म्हणजे भागलं असं त्यांना वाटलं असावं. मोठ्या माणसांना बदली म्हणजे काय ते कळत नाही, त्यांच्या बदल्या वरच होतात. पण गेली सहा वर्षं दर मंगळवारी कागद पुढे ओढायच्या आधी ते विचारायचे, “तुमच्या नणंदबाई कशा आहेत?” मी म्हणायची, बऱ्या आहेत. मला काय ठाऊक, तुम्ही बऱ्या होतात की नाही. आम्ही दोघंही एकमेकांसमोर बसून एकच गोष्ट लपवत होतो, आणि पत्रं मात्र शुद्ध लिहीत होतो.

तरी मी त्यांना दोष देऊ शकत नाही. त्यांनी संस्थेत शब्द टाकून यांच्या आजारपणात मला सात महिने घरून काम मिळवून दिलं. आमच्या मुलीच्या लग्नात दाराशी उभं राहून पाहुण्यांना पाणी दिलं. उपकार ते उपकार. आता कळतं ते एवढंच, की ते तुमच्याकडून येऊन माझ्यापर्यंत पोहोचत होते.

बरं, मी भाषण लिहिलं आहे. एकदा लिहून ‘शिकणं’ आणि ‘शिकवणं’ सगळीकडे तपासलं. दोनदा तपासलं.

मिस


१ मार्च

वन्सं,

झालं बोलून.

हॉल पूर्ण भरला होता. काळे सूट, काळ्या साड्या, मागे विद्यार्थी उभे. मंत्री होते, कारखानदार होते. तुमच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची धरायला मी सांगितलं होतं. ती रिकामीच ठेवली, कोणाला बसू दिलं नाही.

संचालकांनी माझी ओळख करून दिली आणि म्हणाले, “आता काकू आपल्याला एक गमतीदार किस्सा सांगतील.” मी माईकशी गेले आणि म्हटलं, “किस्सा नाही. चूक आहे.” लोक हसले. मी ‘व’ गेल्याचं सांगितलं, लोक आणखी हसले, टाळ्या पडल्या. मला अगदी जे नको होतं ते. वाटलं इथेच धन्यवाद म्हणून खाली यावं. सगळे खूश होते, सरांचंही नाव राखलं जात होतं.

मग मी तुमची वही पर्समधून काढून माईकसमोर धरली आणि म्हटलं, “हे शब्द ज्यांनी बरोबर ऐकले, बरोबर लिहिले आणि बरोबर वाचले, त्या माझ्या नणंदबाई. चौकशीत मी खोटं बोलले. ही वही मी चोरली. हरवली म्हणून त्यांच्याबरोबर तीन दिवस शोधली. त्यांची नोकरी ज्या कामावर उभी होती, ते काम त्यांनी माझ्यामुळे सोडलं. दारावरचं वाक्य चांगलं आहे, पण ते कोणाच्या खर्चाने लागलं ते आज सांगायला आले आहे.”

कोणी हसलं नाही. टाळीही नाही. मी खाली आले. सरांची मुलगी उठून माझ्याजवळ येऊन बसली. मागून दोन म्हातारे, पहिल्या तुकडीतले, येऊन म्हणाले, “आवक-जावकच्या बाई? आमची घरची पत्रं त्याच हातात द्यायच्या. आम्हाला कधी माहीतच नव्हतं.” एकाला तुमचा पत्ता हवा होता. विचारल्याशिवाय दिला नाही.

नंतर संचालकांनी वही मागितली. काचेच्या पेटीत, सरांच्या प्रतीशेजारी ठेवायची म्हणाले. चाळली. साठ पानं आहेत, संस्था उभी राहिली त्या दोन महिन्यांतलं सरांचं सगळं सांगणं आहे त्यात, जे कुठेच छापलेलं नाही. म्हणाले, “हे वाचायचं कोणी? आमच्याकडे आता शॉर्टहँड येणारं एकही माणूस नाही.” मी म्हटलं, “माझ्याकडे तरी कुठे आहे? वही ज्यांची आहे त्यांना विचारा.”

तेव्हा आता नीट वाचा, कोणाला काय द्यायचं ते लिहिते. 

गुरुवारी संस्थेचा ड्रायव्हर तुमच्याकडे येईल. वयस्क आहे, घाई करणारा नाही. त्याच्याकडे खाकी पुडकं असेल, ते तुमच्याशिवाय कोणाच्या हातात द्यायचं नाही असं त्याला बजावलं आहे. तुमच्या मैत्रिणीच्याही नाही, त्यांनी रागावू नये. पुडक्यात वही आहे. ती तुमची. पेटीत ठेवा, उशाखाली ठेवा, बंबात घाला. मी एक शब्द विचारणार नाही.

सरांची प्रत त्यांच्या मुलीला परत केली आहे. त्या पानाची झेरॉक्स वहीत घातली आहे, ती तुम्हाला.

सभेत मला काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं, त्यावर ते वाक्य आहे. ते मी आवक-जावकच्या टेबलावर ठेवून आले. तिथल्या मुलीने विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, कागद उडू नयेत म्हणून.

वही वाचून द्यावी म्हणून संचालकांचं विनंतीपत्रही ड्रायव्हरजवळ आहे. त्यांनी ते माझ्या नावाने लिहिलं होतं, मी फाडून तुमच्या नावाने लिहून घेतलं. हो म्हणायचं की नाही ते त्यांना कळवा, मला नको. हो म्हणालात तर वाचून दाखवायला समोर कोणीतरी टाईप करणारं लागेल. संस्थेत चांगल्या चटपटीत मुली आहेत, त्यांतली एक तुमच्याकडे पाठवतील.

ती जागा मी मागत नाही. पण कोणी मिळालं नाही, किंवा आलेली मुलगी ऐकलेलं नीट उतरवत नाही असं वाटलं, तर तेवढं कार्ड मात्र मला.

मिस